अर्ज कोणाच्या हातात पडतो?

मुंबईच्या कापड गिरणीत कामाला लागलेल्या पहिल्या पिढ्यांनी नोकरीसाठी कधी अर्ज लिहिला नाही. रत्नागिरीहून, साताऱ्याहून, घाटावरून आलेला तरुण गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायचा आणि पहाटेच्या भोंग्याबरोबर गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभा राहायचा. आत कोणाला घ्यायचं हे साहेबाच्या हातात नसे, ते जॉबर ठरवायचा. जॉबर म्हणजे मुकादम. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करायची. ओळख गावाची असो, जातीची असो की नात्यातली, ती मुकादमापर्यंत पोचावी लागे, आणि काम मिळाल्यावर त्याला दस्तुरी द्यावी लागे. काम टिकवायचं तर पुन्हा दस्तुरी. कोणी रजेवर गेला, आजारी पडला, तर त्याच्या जागी दिवसापुरता घेतला जाणारा तो बदली कामगार. त्याचं नशीब तर रोज सकाळी नव्याने मुकादमाच्या मर्जीवर.

ही पद्धत मोडावी असं सरकारी आयोगालाही वाटलं. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हातातली भरती काढून घ्या, त्यासाठी गिरणीत वेगळा लेबर ऑफिसर नेमा, अशी शिफारस केली. मुंबईच्या गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये बदली कामगारांसाठी कार्डाची योजना आणली: दर महिन्याला ठरावीक लोकांना बदलीचं कार्ड द्यायचं आणि जागा रिकामी झाली की कार्डवाल्यालाच आधी घ्यायचं. नोकरी मागणाऱ्या कष्टकरी माणसाच्या हातात स्वतःच्या नावाचा कागद आला तो असा. मुकादम मात्र एका दिवसात नाहीसा झाला नाही. कार्ड कोणाला मिळावं यातही त्याचा शब्द चालत राहिला.

नोकरी मागण्याच्या पद्धतीचा पुढचा सारा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरतो. मागणारा आणि देणारा यांच्या मधे कोण उभा आहे?

पांढरपेशांच्या जगात अर्ज होता, आणि तो इंग्रजीत होता. मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ मध्ये बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यांत होते. त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत मॅट्रिक आणि पदवीधर तरुणांची रांग कलेक्टर कचेरी, रेल्वे, पोस्ट आणि शाळाखात्याच्या दारात वाढत गेली. अर्जाचा साचा ठरलेला असे. वर साहेबाला सन्मानाचं संबोधन, मधे शिक्षण आणि घरची परिस्थिती, खाली ‘युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ आणि सही. अक्षर चांगलं असणं ही त्या काळी खरोखरीची पात्रता होती, कारण कारकुनाचं कामच लिहिण्याचं.

मग टाइपरायटर आला आणि अक्षराची जागा वेगाने घेतली. गोदरेजने १९५५ मध्ये संपूर्ण भारतीय बनावटीचा टाइपरायटर विक्रोळीत तयार केला. तालुक्याच्या गावी टायपिंगचे क्लास उघडले, दहावी-बारावीच्या सुट्टीत मुलामुलींना तिथे घालायची रीत पडली आणि मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द ही दोन सर्टिफिकेटं अर्जाला जोडायचे कागद झाली. ती परीक्षा शासनाची होती, त्यामुळे तिला मान होता. महाराष्ट्रातल्या किती घरांतली पहिली पगारी बाई टायपिंगच्या जोरावर कचेरीत गेली हे मोजायला हवं होतं. कुटुंबांच्या आठवणींत ते ठळकपणे नोंदलेलं आहे. गोदरेजचे शेवटचे टाइपरायटर सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यात बनले आणि २००९ च्या सुमारास ते उत्पादन थांबलं.

या सगळ्यात सरकारने एक मोठा प्रयोग केला. आज त्याची आठवण फिकट झाली आहे, पण तो समजून घेतल्याशिवाय आजचं पोर्टल कळत नाही. दुसरं महायुद्ध संपताच सैन्यातून आणि युद्धकामातून मोकळ्या झालेल्या माणसांना रोजगार मिळवून देण्यासाठी १९४५ मध्ये एम्प्लॉयमेंट एक्सचेंज सुरू झाली. फाळणीनंतर त्यांनी निर्वासितांची नोंदणी केली, आणि १९४८ पासून त्यांची दारं सगळ्यांसाठी उघडली. १९५६ मध्ये त्यांचा कारभार राज्यांकडे आला. रिकाम्या जागा या कचेऱ्यांना कळवणं सक्तीचं करणारा कायदा १९५९ मध्ये झाला आणि १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आलं त्याच दिवशी, अंमलात आला. सगळी सरकारी आस्थापनं आणि पंचवीस किंवा अधिक कामगार असलेली खाजगी आस्थापनं त्याच्या कक्षेत होती.

एक्सचेंजमधलं काम आजच्या वाचकाला ओळखीचं वाटेल. खिडकीवर नाव नोंदवलं की उमेदवाराचं एक कार्ड तयार होई. त्यावर शिक्षण, वय, अनुभव आणि व्यवसायाचा सांकेतिक क्रमांक. हा क्रमांक राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातून यायचा. ते वर्गीकरण १९५८ मध्ये तयार झालं आणि पुढे वेळोवेळी सुधारलं गेलं. मालकाची मागणी आली की कारकून त्या क्रमांकाची कार्डं काढून पात्र नावं पाठवायचा. याला लोक म्हणत, ‘एक्सचेंजमधून कॉल निघाला’. माणसाला एका आकड्यात बसवून शोधण्याची कल्पना संगणकाने आणलेली नाही, ती जिल्ह्याच्या गावच्या त्या लाकडी खणांत आधीच होती. कार्डाचं नूतनीकरण मुदतीत झालं नाही तर नोंदणीची ज्येष्ठता जायची, म्हणून शेतीची कामं टाकून, एसटीने जिल्ह्याला जाऊन शिक्का मारून आणणारे तरुण हजारोंनी होते. वर्षानुवर्षं कॉल न आलेलेही तितकेच होते.

कायद्याने जागा कळवणं बंधनकारक केलं, त्या यादीतूनच माणूस घ्या असं मात्र सांगितलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये एन. हरगोपाल प्रकरणात हे स्पष्ट केलं. सरकारी खात्यांनी एक्सचेंजमार्फतच भरती करावी, या केंद्राच्या सूचना तेवढ्या मान्य केल्या. परिणामी सरकारी नोकरीच्या फाटकावर एक्सचेंजचं कार्ड हाच परवाना राहिला. १९९६ मध्ये के. बी. एन. विश्वेश्वर राव प्रकरणात न्यायालयाने ही चौकट रुंद केली: एक्सचेंजला तर कळवाच, पण वर्तमानपत्रांत जाहिरातही द्या आणि जे अर्ज येतील त्या सगळ्यांचा विचार करा. हा निकाल उमेदवारांसाठी मोठा होता. त्यानंतर नोंदणीची ज्येष्ठता नसलेल्या माणसालाही सरकारी जागेसाठी थेट अर्ज करण्याचा हक्क मिळाला. आज लाखांनी येणाऱ्या ऑनलाइन अर्जांची वाट तिथून सुरू होते.

खाजगी नोकरीचं जग वेगळं होतं. तिथे ओळख चालायची आणि वर्तमानपत्रातली जाहिरात चालायची. अनेक जाहिरातींत कंपनीचं नावच नसे, फक्त बॉक्स नंबर. उमेदवार वर्तमानपत्राच्या पत्त्यावर, त्या नंबराला बायोडाटा पाठवायचा आणि आपण कोणाकडे नोकरी मागतोय हे त्याला मुलाखतीचं पत्र आलं तरच कळायचं. पत्र बहुधा यायचं नाही.

मुंबईत या प्रश्नाने राजकारण घडवलं. बाळ ठाकरे यांच्या ‘मार्मिक’ साप्ताहिकाने साठच्या दशकात शहरातल्या कंपन्यांच्या आणि कचेऱ्यांच्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापायला सुरुवात केली. सदराचं नाव होतं ‘वाचा आणि थंड बसा’. मराठी माणसाचा अर्ज टेबलापर्यंत पोचतच नाही, हा त्या याद्यांचा रोख होता. जून १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली, आणि पुढे स्थानीय लोकाधिकार समितीने बँका, विमा कंपन्या, विमानसेवा अशा ठिकाणी मराठी तरुणांच्या भरतीसाठी दबाव आणला, त्यांना फॉर्म भरायला आणि लेखी परीक्षेला बसायला शिकवलं. या चळवळीत दक्षिण भारतीयांविरुद्ध झालेल्या हिंसेचं समर्थन होऊ शकत नाही. पण फॉर्म कसा भरायचा हे चाळीतल्या मुलाला शेजारी बसून शिकवणं, हे या चळवळीचं टिकून राहिलेलं काम होतं.

जाहिरातीतल्या अटी उघड पक्षपाती असण्याचाही तो काळ होता. १९७४ मध्ये टाटांच्या टेल्कोने अभियंत्यांसाठी दिलेल्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये अशी ओळ होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून याबद्दल जाब विचारला. त्यांना पुण्याला मुलाखतीसाठी बोलावलं गेलं आणि टेल्कोत नोकरी मिळाली. पुढे सुधा मूर्ती म्हणून त्या सर्वांना माहीत झाल्या. हा प्रसंग धैर्याचा म्हणून सांगितला जातो, आणि तो आहेच. पण त्यात मधली सगळी माणसं ओलांडून कागद सर्वांत वरच्या टेबलावर पोचला, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. साध्या उमेदवाराला ती सोय नव्हती.

साध्या उमेदवाराचा लिफाफा जाड असे. टाइप केलेला अर्ज, पासपोर्ट आकाराचे फोटो, पोस्टल ऑर्डर, स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट आणि गुणपत्रिकांच्या ‘ट्रू कॉपी’. या प्रतींवर गॅझेटेड अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का लागे. खेड्यातल्या मुलाला गॅझेटेड अधिकारी कुठे भेटणार? तालुक्याचा डॉक्टर, कॉलेजचा प्राचार्य, तहसीलदार यांच्या दाराशी तास न् तास उभं राहणं हा त्याच्या अर्जाचाच एक भाग होता. मूळ गुणपत्रिका शेवटी मुलाखतीत तपासली जाणारच होती. तरी ही सही मागितली जायची, कारण गरिबाच्या शब्दावर व्यवस्थेचा विश्वास नव्हता. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये स्वयंघोषणा आणि स्वयंसाक्षांकन मान्य केलं. इतक्या उशिरा झालेल्या या सुधारणेने लाखो चकरा वाचवल्या.

लिफाफा पोचावा म्हणून टपाल खात्यानेही आपला वाटा उचलला होता. पत्त्याखाली लिहायचा सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. त्याची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी असलेला हा मराठी माणूस. अर्ज टाकल्याचा पुरावा म्हणून लोक यूपीसी करायचे, म्हणजे पोस्टाकडून शिक्का मारलेली साधी चिठ्ठी घ्यायचे. रजिस्टरपेक्षा ती फार स्वस्त होती. २०११ मध्ये ती सेवा बंद झाली.

तोवर लिफाफ्याचं युग मावळलं होतं. ऑनलाइन नोकरीशोधाची कथा दिल्लीत सुरू होते, पण तिच्या मुळाशी मुंबईहून निघणारं एक पाक्षिक आहे. हॉर्लिक्स बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करताना संजीव बिखचंदानी यांच्या लक्षात आलं की कचेरीत ‘बिझनेस इंडिया’चा अंक आला की सहकारी तो मागच्या पानांपासून वाचतात. मागे नोकरीच्या जाहिराती असत. ज्यांना नोकरी बदलायची नव्हती तेही त्या वाचत. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या एका प्रदर्शनात बिखचंदानींनी ते पाहिलं आणि त्यांना ती मागची पानं आठवली. भारतात सर्व्हर मिळेना, म्हणून अमेरिकेत प्राध्यापक असलेल्या भावाच्या मदतीने तिथला सर्व्हर भाड्याने घेतला आणि १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम सुरू झालं. सुरुवातीचा माल वर्तमानपत्रांतल्याच जाहिरातींचा होता, त्या टाइप करून चढवल्या होत्या. २००६ मध्ये इन्फो एज ही त्यामागची कंपनी शेअर बाजारात आली. दरम्यान जॉब्सअहेड हे दुसरं संकेतस्थळ आलं आणि २००४ मध्ये अमेरिकी मॉन्स्टरने ते विकत घेतलं. भारतातलं मॉन्स्टर २०१८ मध्ये क्वेसकडे गेलं आणि २०२२ पासून ‘फाउंडइट’ नावाने चालतं.

या धंद्याचं अर्थकारण उमेदवारांना फारसं सांगितलं जात नाही. उमेदवाराने रेझ्युमे फुकट चढवायचा. कंपन्या तो साठा धुंडाळण्यासाठी पैसे भरतात. म्हणजे पूर्वी अर्ज उमेदवार एका मालकाला पाठवायचा, आता त्याचा कागद एका गोदामात ठेवला जातो आणि गोदामात जाण्याची किल्ली विकली जाते. हिंजवडीच्या कंपन्यांत नोकरी शोधणारी पुण्यातली मुलं एकमेकांना सांगतात, प्रोफाइल रोज थोडं तरी अपडेट कर, नाहीतर खाली जाशील. काल नोंदवलेल्या माणसाची ज्येष्ठता एक्सचेंजमध्ये वाढत असे. इथे ती कमी होते.

गोदाम मोठं झालं की ते माणसाने चाळणं अशक्य होतं. कॅलिफोर्नियात रेझ्युमिक्स नावाच्या कंपनीने १९८८ पासूनच कागदी रेझ्युमे स्कॅन करून त्यातली कौशल्यं वेचणारं सॉफ्टवेअर विकायला घेतलं होतं. आजच्या मोठ्या कंपन्यांतला पहिला वाचक बहुतेक वेळा अशाच यंत्रणेचा वारस असतो. ती जाहिरातीतले शब्द रेझ्युमेत शोधते. पदाचं नाव वेगळं लिहिलं, माहिती सुंदर चौकटीत किंवा चित्रात बसवली, तर ती तिला वाचता येईलच असं नाही. म्हणून क्लासवाले आता साधी मांडणी, जाहिरातीतलेच शब्द आणि एकाच रकान्यात मजकूर असा रेझ्युमे करायला शिकवतात.

यंत्र निःपक्ष असतं हा समज घातक आहे. ॲमेझॉनने २०१४ पासून रेझ्युमेंना गुण देणारी प्रणाली घडवायला घेतली होती. आधीच्या दहा वर्षांच्या अर्जांवरून ती शिकली, आणि ते अर्ज मुख्यतः पुरुषांचे असल्यामुळे बायकांच्या क्लबचा किंवा कॉलेजचा उल्लेख आला की गुण कमी करू लागली. कंपनीने ती मोडीत काढली. रॉयटर्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये ही बातमी दिली. यंत्र ज्या माणसांकडून शिकतं त्यांचं वागणं आपल्याकडेही मोजलेलं आहे. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी २००५ पासून इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी: सवर्ण हिंदू, दलित आणि मुस्लीम. मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त २००७ मध्ये निष्कर्ष छापले गेले. सवर्ण नावाच्या तुलनेत अनुकूल उत्तराच्या शक्यतेचं गुणोत्तर दलित नावाला ०.६७ आणि मुस्लीम नावाला ०.३३ आलं. हे अर्ज खाजगी कंपन्यांना, आधुनिक शहरांत, पदवीधरांच्या जागांसाठी गेले होते. नायकीण आणि मुकादम जे विचारायचे तेच कोणी न विचारता वाचलं जात होतं, अगदी पहिल्या ओळीत.

सरकारी भरती ऑनलाइन झाली ती २०१० नंतरच्या काही वर्षांत. कांदिवलीच्या आयबीपीएसने २०११ मध्ये बँकांसाठी सामाईक लेखी परीक्षा सुरू केली. एमपीएससीही ऑनलाइन आली. चांगलं झालं ते मोठं होतं: गडचिरोलीच्या मुलीला मुंबईला लिफाफा पाठवून दिवस मोजावे लागत नव्हते, अर्ज पोचल्याचा क्रमांक लगेच हातात पडत होता. त्याच वेळी तिच्या गावात एक नवा मध्यस्थ उभा राहिला, सायबर कॅफेवाला. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, पांढरी पार्श्वभूमी, काळी शाई, ही मापं त्याला पाठ. तो जाणकार असतो, बहुतेकदा मनापासून मदत करतो. पण मुलीच्या नावाचा ईमेल तो काढतो, पासवर्ड त्याच्याकडे राहतो, आणि हॉलतिकिटाच्या वेळी दुकान बंद असलं की तिच्या हातात काहीच नसतं. शेवटच्या दिवशी सर्व्हर बसला तर दोघंही हतबल. एप्रिल २०१३ मध्ये होणारी राज्यसेवा पूर्वपरीक्षा आयोगाला पुढे ढकलावी लागली, कारण लाखो उमेदवारांची भरलेली माहितीच संगणकातून गेली. ती त्यांना पुन्हा भरावी लागली.

२०१७ मध्ये राज्याने भरती परीक्षांसाठी महापरीक्षा पोर्टल आणलं. त्याविरुद्ध उमेदवार रस्त्यावर आले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ते बंद करावं लागलं. २०२३ मध्ये तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी खाजगी कंपनीमार्फत परीक्षा झाली. अर्ज आले दहा लाखांहून अधिक, शुल्क खुल्या गटाला हजार रुपये, राखीव गटाला नऊशे. जिल्ह्याच्या एसटीचं भाडं, ट्रू कॉपीची चकर, पोस्टल ऑर्डर हे सगळं वाचलं असं म्हणताना हा आकडा समोर ठेवावा लागतो. एक मुलगा वर्षात असे पाच-सहा अर्ज भरतो. शेतमजुराच्या घरात तेवढा खर्च म्हणजे महिन्याचा किराणा असतो.

आणि मार्च २०१९ ची जिल्हा परिषद भरती. १३ हजारांहून अधिक जागा जाहीर झाल्या, शुल्कासह अर्ज घेतले गेले, परीक्षा झालीच नाही. २०२२ मध्ये भरती रद्द झाली. शुल्क परत मिळावं म्हणून त्याच उमेदवारांना पुन्हा ऑनलाइन माहिती भरायला सांगण्यात आलं. त्यातले किती जण तोवर वयोमर्यादेच्या पलीकडे गेले होते, याची भरपाई कुठल्याच पोर्टलवर नव्हती.

केंद्र सरकारने जुलै २०१५ मध्ये एक्सचेंजची जुनी कल्पना नॅशनल करिअर सर्व्हिस या पोर्टलवर आणली, राज्यात महास्वयंम आहे. दोन्हींवर उमेदवाराची नोंदणी विनाशुल्क होते. ज्या राज्याला दहा लाख तरुणांची नोंद फुकट ठेवता येते, त्याने भरतीच्या अर्जासाठी हजार रुपये घेऊ नयेत. घेतलेच, तर परीक्षा रद्द होताच ते ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, मागणीची वाट न पाहता परत करावेत. आणि अर्ज नाकारला असेल, मग तो सरकारी असो की खाजगी, तर तसं कारणासह एका ओळीत कळवावं. बॉक्स नंबरच्या काळात त्यासाठी पाकीट, तिकीट आणि टायपिस्ट लागायचा. आता यातलं काहीच लागत नाही.